डोंगरी सायकल व तिचे जुने अवयव

सायकलीचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे लांकडी दुचाकीपासून, उंच चाकाच्या त्या धोकेबाज वाहनापासून आणि डनलॉपच्या हवेच्या टायरपासून सुरुवात करण्याची वहिवाट आहे. आज ती वहिवाट मी मोडणार आहें. मला बोलावयाचें आहे तें फार अलीकडच्या एका सायकलीविषयीं. इतक्या अलीकडच्या कीं, तिचे जनक म्हणून ज्यांचीं नांवें घेतलीं जातात त्यांतले कित्येक गृहस्थ आपल्याच काळांतले आहेत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या उत्तरेस मॅरिन नांवाचा परगणा आहे. तेथें १९७० नंतरच्या दशकांत डोंगरी सायकल जन्मास आली. म्हणजे आज तिचें वय पन्नाशीच्या आसपास. पन्नास वर्षें हें कांहीं पुराणवस्तूचें वय नव्हे. आणि तरीही या सायकलीच्या पहिल्या ब्रेकांसाठीं, पहिल्या खिळींसाठीं, पहिल्या गिअरांसाठीं हळहळणारीं आणि ते भाग कोठें सांपडतात याचा वर्षानुवर्षें शोध घेणारीं माणसें जगांत पुष्कळ आहेत. पन्नास वर्षांच्या लोखंडाबद्दल एवढा गहिंवर कां यावा, तो सारा पोकळच आहे कीं त्यांत कांहीं वाजवी तक्रार आहे, याचा श्रोत्यांसह थोडा विचार करावा असा हेतु आहे.

मॅरिनमध्यें टॅमालपाइस नांवाचा डोंगर आहे. त्याची उंची २,५७१ फूट. आपला सिंहगड त्याहून पुष्कळ उंच आहे. परंतु त्या डोंगराच्या व शेजारच्या टेकड्यांच्या अंगावरून वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठीं कच्चे रस्ते कापलेले आहेत, आणि तेथल्या तरुणांना त्या रस्त्यांची चटक लागली. त्यांतले कित्येक जण डांबरी सडकेवरच्या शर्यतींत भाग घेणारे, पातळ टायरच्या व दहा गिअरच्या उंची सायकली बाळगणारे होते. परंतु तसल्या नाजूक सायकलीचें चाक खडकाळ उतारावर वांकडें व्हावयास फार वेळ लागत नसे. म्हणून त्यांनीं आपला मोर्चा भंगाराकडे वळविला.

या भंगारांत काय होतें तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सारी पुढची कथा त्यांतून निघाली आहे. १९३३ सालीं, मंदीच्या ऐन दिवसांत, शिकागोच्या श्विन कंपनीनें २६ इंच व्यासाचें व २.१२५ इंच रुंदीचें फुगीर टायर अमेरिकेच्या बाजारांत आणलें. त्यावर बसविलेल्या सायकली मोटारसायकलीच्या थाटाच्या, जाड नळ्यांच्या आणि विलक्षण जड असत. त्या मोठ्या माणसांसाठीं नव्हत्याच. शाळकरी मुलांनीं व वर्तमानपत्रें टाकणाऱ्या पोरांनीं त्या वापरावयाच्या, आपटावयाच्या, फुटपाथच्या कडेवरून उडवावयाच्या, आणि तरी त्या मोडावयाच्या नाहींत, असा त्यांचा हिशेब होता. पोरें मोठीं झालीं, सायकली परसांत गंजल्या. त्यांतली ‘एक्सेलसिअर’ नांवाची चौकट मॅरिनच्या तरुणांना विशेष आवडे. तिच्यावरचें मडगार्ड, दिवा, शोभेची टांकी असें सारें उपटून टाकून उरेल त्या सांगाड्यावर ते डोंगर उतरूं लागले. या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत. खडखडाट करणारें जुनाट यंत्र, असा त्याचा भाव.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळ या मंडळींनीं पहिली शर्यत लावली. सुमारें दोन मैलांत तेराशें फूट खालीं नेणारा तो रस्ता. एकेक स्वार ठराविक अंतरानें सोडावयाचा आणि घड्याळावर त्याची वेळ घ्यावयाची, अशी व्यवस्था होती. चार्ल्स केली हा त्या सर्वांचा व्यवस्थापक व चिटणीस. पहिल्या शर्यतींत ॲलन बॉन्ड्स जिंकला, आणि तो जिंकण्याचें कारण असें सांगतात कीं, न पडतां खालीं आला तो तेवढाच. पुढें गॅरी फिशर यानें तोच उतार ४ मिनिटें २२ सेकंदांत उतरून दाखविला. जो ब्रीझ याची उत्तम वेळ त्याहून अवघे दोन सेकंद अधिक.

या रस्त्याला व शर्यतीला ‘रीपॅक’ असें नांव पडलें. तें कां, तें ऐकण्यासारखें आहे. त्या जुन्या सायकलींना हातानें दाबावयाचा ब्रेक नसे. पायडल उलटें मारलें कीं मागच्या चाकाच्या हबच्या पोटांत असलेला ब्रेक आवळे. सपाट रस्त्यावर शाळकरी पोरासाठीं ही योजना उत्तम. पण तेराशें फूट उतरतांना तोच ब्रेक सतत आवळून धरावा लागला म्हणजे हब इतका तापे कीं आंतल्या ग्रीसचा धूर होऊन तो मागें सोडीत स्वार खालीं येई. मग हब उघडावयाचा, छर्रे पुसावयाचे, आणि नवें ग्रीस ठांसून भरावयाचें. या ‘पुन्हां भरण्या’चेंच इंग्रजींत झालें रीपॅक. त्यांतल्या त्यांत मॉरो नांवाचा हब सर्वांत टिकाऊ म्हणून त्याची ख्याति होती. परंतु तो निघावयाचा बंद होऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं, म्हणून जेथें मिळेल तेथून तो पैदा करावा लागे. हळूहळू भंगारवाल्यांनाही अक्कल आली आणि एक्सेलसिअरच्या गंजक्या चौकटींचा भाव चढला. तेव्हां जुन्या, बंद पडलेल्या भागांमागें धांवण्याचें हें वेड आजच्या म्हाताऱ्यांनीं काढलेलें नाहीं. डोंगरी सायकलीच्या पाळण्यांतच तें होतें.

उतरण्याची हौस अशी भागली. चढावयाचें मात्र सायकल ढकलीत किंवा ट्रकमध्यें घालून. ती अडचण दूर झाली ती डिरेलरमुळें, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणाऱ्या यंत्रामुळें. १९७४ च्या डिसेंबरांत मिल व्हॅली येथील एका शर्यतीला कूपर्टिनोकडचे कांहीं स्वार फुगीर टायरच्या सायकलींवर डिरेलर बसवून आलेले मॅरिनच्या लोकांनीं पाहिले. हे स्वार आले, लोकांना एक कल्पना देऊन गेले, आणि पुढें पुष्कळ वर्षें त्यांचें नांव कोणी घेतलें नाहीं. इतिहासांत अशीं माणसें नेहमींच असतात. फिशर यानेंही याच सुमारास आपल्या जुन्या श्विनवर डिरेलर, अंगठ्यानें ढकलण्याची खीळ व ड्रमचे ब्रेक चढविले. सायकल आतां डोंगर चढूं लागली. १९७८ सालीं मॅरिनमधील पांच जण, त्यांत वेंडी क्रॅग ही एक स्त्री, कोलोराडोंत जाऊन १२,७०५ फूट उंचीची पर्ल खिंड आपल्या सायकलींवरून ओलांडून आले.

मात्र जुनी चौकट शेवटीं जुनीच. ती मोडे. म्हणून जो ब्रीझ यानें १९७७ सालीं एक्सेलसिअरचींच मापें मनांत धरून क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिश्रित पोलादाच्या, नळ्यांची नवी चौकट जोडली, तिला निकेलचा मुलामा दिला, आणि तींत एकही भंगारचा भाग घातला नाहीं. सर्व नव्या भागांची अशी ही पहिली डोंगरी सायकल. तिच्यामागून आणखी नऊ झाल्या. १९७९ सालीं टॉम रिची यानें चौकटी करावयाच्या आणि फिशर व केली यांनीं त्या सजवून विकावयाच्या, असा धंदा सुरू झाला. ‘माउंटन बाइक’ हें नांव त्यांच्या दुकानाचें, पुढें तें साऱ्या जातीचें झालें. किंमत सुमारें १,३०० डॉलर. म्हणजे हौशी श्रीमंताचें काम. १९८१ सालीं स्पेशलाइज्ड या कंपनीनें जपानांत तयार करवून ‘स्टम्पजंपर’ ७५० डॉलरला आणली, तेव्हां डोंगरी सायकल सामान्य गिऱ्हाइकाच्या दुकानांत आली.

या १९८१ च्या सायकलीपाशीं क्षणभर थांबूं. जुन्या भागांवर जीव टाकणारी मंडळी जिच्याकडे पाहून उसासे टाकतात ती हीच. तिच्यावर एकाही कारखान्यानें डोंगरी सायकल मनांत धरून केलेला भाग जवळजवळ नव्हता. ब्रेक होते फ्रान्समधील माफाक कंपनीचे. ते जड सायकलींना व जोडसायकलींना लागत. ते आवळण्याच्या मुठी जर्मनींतील मागुराच्या, मूळच्या मोटारसायकलीच्या. पायडलाचे दांडे फ्रेंच टी. ए. कंपनीचे, प्रवासी सायकलींसाठीं केलेले. मागचा डिरेलर ह्युरेचा ड्युओपार. काम सुरेख, पण दगडाला लागला कीं वांकला. अंगठ्याच्या खिळी जपानच्या सनटूरच्या. एखाद्या घरीं लग्नाला चार गांवांहून चार नातेवाईक यावेत, कोणी भांडीं आणावींत, कोणी सतरंज्या आणाव्यात, आणि कार्य यथासांग पार पडावें, तसें हें जमून आलें होतें. आणि जमलें याचें कारण असें कीं, हे भाग एकमेकांशीं हुज्जत घालीत नसत. कोणत्याही कंपनीची खीळ कोणत्याही कंपनीच्या डिरेलरला जोडा. तार ओढली जाई आणि साखळी सरके. कोठें थांबावयाचें हें स्वाराच्या अंगठ्यानें व कानानें ठरवावयाचें. खडखड ऐकूं आली कीं केसभर मागें घ्यावी. आवाज बंद झाला कीं साखळी जागेवर बसली. खिळीच्या पोटांत घर्षणाशिवाय दुसरी कसलीच अक्कल नव्हती.

पुढें ही अक्कल यंत्रांत आली, आणि तिच्यामागें जपानांतील दोन कारखान्यांची चढाओढ आहे. ओसाका भागांतील माएदा लोहकारखान्याचा माल सनटूर नांवानें विकला जाई. दुसरा कारखाना साकाई शहरांतील शिमानो. १९६४ सालीं सनटूरच्या नोबुओ ओझाकी यांनीं तिरप्या चौकटीचा डिरेलर काढला. त्यापूर्वींचा डिरेलर नुसता आडवा सरके. मागचीं चक्रें तर लहान-मोठीं, उतरंडीसारखीं. त्यामुळें साखळीचा मार्गदर्शक एका चक्रापासून फार दूर, तर दुसऱ्याला चिकटून राही. ओझाकींनीं त्याची चौकट तिरपी केल्यावर मार्गदर्शक चक्रांच्या उतारावरूनच चालूं लागला, प्रत्येक चक्रापासून सारख्याच अंतरावर. युक्ति इतकी बिनतोड कीं वीस वर्षें सनटूरचा स्वस्त डिरेलरही इतरांच्या महागड्या डिरेलरांहून अचूक चाले. १९८४ सालीं त्या शोधाच्या हक्काची मुदत संपली. शिमानोनें ती तिरपी चौकट घेतली, तिच्यांत आपली स्प्रिंग घातली, आणि खिळीला टप्पे पाडले: एक ‘टक्’ झालें कीं एक गिअर. आधीं सडकेवरच्या शर्यतीच्या सायकलींना आणि १९८७ च्या सुमारास डोंगरी सायकलींच्या डिओर एक्स. टी. या संचाला ही सोय मिळाली. सनटूरनेंही टप्पे काढले, पण उशिरा. आणि १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत जुना सनटूर कारखाना दुसऱ्यांच्या हातीं जाऊन नुसतें नांव उरलें.

ही सोय खोटी होती असें मी म्हणणार नाहीं. नवख्या माणसाला ती मोठीच सोय होती, आणि चढावर धांपा टाकणाऱ्या जुन्या माणसालाही. परंतु टक् व्हावयाची तर खीळ, तार, तारेचें वेष्टण, डिरेलर आणि मागचीं चक्रें अशीं सर्व मिळून एका मापाचीं असावीं लागतात. येथून पुढें खीळ एकाची, डिरेलर दुसऱ्याचा हा प्रकार चालेना. भाग सुटे विकण्याऐवजीं संचाचे संच विकले जाऊं लागले. शिकागोच्या स्रॅम या नव्या व लहान कंपनीकडे त्या वेळीं मुठीसारखी फिरवावयाची खीळ एवढाच काय तो माल. तिला सायकलींवर शिरकाव मिळेना. संपूर्ण संच घेणाऱ्या कारखानदारांना शिमानो सूट देते आणि त्यामुळें आमचा माल कोणी घेत नाहीं, अशी तक्रार घेऊन तिनें १९९० सालीं न्यायालय गांठलें. प्रकरण पुढें आपसांत मिटलें. शिमानोचा माल वाईट होता असें त्यांतून मुळींच निघत नाहीं. तो उत्तमच होता. पण त्या टप्प्यांमुळें एक भाग झिजला कीं चार बदलावे लागतात, हें खरें आहे, आणि जुन्या खिळींच्या भक्तांचें खरें दुःख येथें आहे. याच संक्रमणकाळांतली एक्स. टी.ची अंगठ्याची खीळ जुना माल धुंडाळणारे आजही आवर्जून घेतात. तिला टप्पे होतेच. पण ते बिघडले, जुळेनासे झाले, तर एक कडी फिरवून तींच खीळ पूर्वीसारखी नुसत्या घर्षणावर चालवितां येई. यंत्र चुकलें तर माणसानें सांभाळावें, एवढी जागा करणाऱ्यानें तींत राखली होती. १९९० च्या सुमारास हँडलच्या खालीं दडलेल्या, दोन बटनांच्या खिळी आल्या आणि ती जागा गेली.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर जुनें तें सर्व सोनें असें मी म्हणतों आहें असा समज होईल. १९८३ पासून शिमानोनें ‘बायोपेस’ नांवाचें वाटोळें नसलेलें पुढचें चक्र काढलें; पायांच्या गतीचा फार सूक्ष्म विचार करून त्याचा आकार ठरविला होता म्हणे. दहा वर्षांच्या आंत तें नाहीसें झालें, आणि गुडघ्यांनीं हायसें म्हटलें. १९८६ पासून दोन-तीन वर्षें मागचा ब्रेक पायडलांच्या मागें, चौकटीच्या खालच्या अंगाला बसविण्याची टूम निघाली होती. सगळ्या सायकलींत चिखल सर्वांत अधिक कोठें उडत असेल तर नेमका तेथें! तो ब्रेक गेला याबद्दल कोणी शोक करीत असेल तर त्यानें एक पावसाळा त्यावर काढावा. पुढचा चिमटा, ज्याला दुकानदार फोर्क म्हणतात, तो पहिल्या सायकलींत ताठ असे व प्रत्येक दगड मनगटांना सांगे. १९८९-९० मध्यें पॉल टर्नर यानें हवा व तेल यांवर सुमारें दोन इंच दबणारा चिमटा रॉकशॉक्स या नांवानें बाजारांत आणला. १९९० सालीं कोलोराडोंतील डुरँगो येथें पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हां उताराच्या शर्यतींत ग्रेग हर्बोल्ड तसल्याच चिमट्यावर जिंकला. १९९६ सालीं डोंगरी सायकल अटलांटाच्या ऑलिंपिकमध्यें गेली, आणि त्याच सुमारास लांब भुजांचा व्ही ब्रेक आला. त्यानें माफाकच्या वंशाला निवृत्त केलें तें गुणांवर. त्यालाही पुढें तबकडीच्या ब्रेकनें घरीं बसविलें. पावसांत भिजलेल्या रिमवर रबर घांसून थांबण्यापेक्षां तें निःसंशय शहाणपणाचें आहे.

चाकाची गोष्ट मात्र निराळी. २६ इंची चाक डोंगरासाठीं कोणी शोधून काढलें नव्हतें. पोरांच्या सायकलींचें टायर भंगारांत सांपडलें, तेवढ्याच मापाचें जाड टायर तेथें मिळत होतें, म्हणून तें माप ठरलें. इंग्लंडमधील जेफ ॲप्स या कल्पक गृहस्थानें फिनलंडचीं, बर्फावर चालणारीं, याहून मोठ्या व्यासाचीं टायरें मॅरिनला पाठविलीं होतीं. तीं तेथल्या लोकांना आवडलींही. पण फिनलंडहून माल वेळेवर येईना, आणि मोठ्या चाकाचा विचार मागें पडला. पुरवठा नीट झाला असता तर कदाचित् पहिल्यापासूनच डोंगरी सायकल मोठ्या चाकाची झाली असती. तीस वर्षें २६ इंचांचें राज्य चाललें. नंतर २९ इंचांचें चाक आलें, त्यामागून मधलें साडेसत्तावीसचें आलें, आणि २०१४-१५ च्या सुमारास चांगल्या प्रतीच्या नव्या डोंगरी सायकलींतून २६ इंचांची जवळजवळ हकालपट्टी झाली. मोठें चाक खड्ड्यावरून सहज जातें, हें खरेंच. पण त्यामुळें १९८८ सालची, पोलादाची, कोठेंही तडा न गेलेली सायकल बाळगणाऱ्या माणसाची पंचाईत अशी झाली कीं, तिला साजेशी हलकी रिम, उत्तम टायर किंवा दबणारा चिमटा पाहिजे असला कीं उरल्यासुरल्या मालांत शोध घ्यावा लागतो. चौकट धडधाकट, अडून बसतें तें सामान.

येथें आपल्याकडच्या परिस्थितीशीं तुलना केल्याशिवाय राहवत नाहीं. जें २६ इंची टायर अमेरिकेंतल्या उंची दुकानांतून जवळजवळ नाहींसें झालें, तें आपल्या तालुक्याच्या गांवीं सायकलीच्या दुकानांत खुंटीवर टांगलेलें असतें, कारण स्वस्त डोंगरी थाटाच्या सायकली आपल्याकडे त्याच मापावर निघत आल्या आहेत. आणि आपली ती काळी, २८ इंची चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची सायकल! माझ्या नोकरीचीं बहुतेक वर्षें मी तिच्यावरून शाळेंत गेलों. तिच्यांत सुधारणा अशी झालीच नाहीं, ही तिची उणीव. आणि म्हणूनच तिचा एकही भाग कालबाह्य झाला नाहीं, हें तिचें भाग्य. आजोबांच्या सायकलीचें हबचें छर्रे नातवाला आजही मिळतात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० सालच्या जून महिन्यांत, आणि तोही नेमका जागतिक सायकल दिनीं, बंद पडला. तरी ॲटलसच्या सायकली चालावयाच्या थांबल्या नाहींत, कारण त्यांना लागणारें सामान दुसऱ्या कोणाच्याही नांवाचें चालतें. १९८१ च्या त्या स्टम्पजंपरमध्यें जो गुण होता तो हाच होता. फरक इतकाच कीं, आपल्याकडे तो गुण दारिद्र्यानें राखला आणि तेथें तो समृद्धीनें घालविला.

जो ब्रीझची पहिली सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन वस्तुसंग्रहालयाच्या मालकीची आहे. फेअरफॅक्समध्यें २०१५ सालीं सायकलींचें स्वतंत्र संग्रहालय उघडलें, आणि रीपॅकचा उतार तेथून फार लांब नाहीं. कांचेआड ठेवलेल्या वस्तूबद्दल मला आदर आहे. परंतु जुन्या खिळींचे जे खरे भक्त, त्यांना कांचेचें समाधान पुरत नाहीं. त्यांना ती सायकल डोंगरावर पाहिजे असते, आणि त्यासाठीं लागणारी मागणी इतकी लहान कीं मोठा कारखाना तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीं. ती पुरविण्याचें काम कांहीं लहान कारखाने करतात. कॅलिफोर्नियांतीलच चिको गांवीं पॉल नांवाचा असा एक कारखाना १९८९ पासून आहे. त्याच्या मालांत ॲल्युमिनियमचा एक लहानसा कंस आहे, ‘थंबी’ नांवाचा. शर्यतीच्या सायकलीच्या हँडलच्या टोंकाला बसविण्यासाठीं केलेली आजची खीळ या कंसावर चढवावयाची आणि कंस डोंगरी सायकलीच्या हँडलवर मुठीशेजारीं आवळावयाचा, म्हणजे अंगठ्याची खीळ पुन्हां तयार होते. आणि निवडलेली खीळ तशी असेल तर तिचे टप्पे बंद करून ती नुसत्या घर्षणावरही चालवितां येते.